पंचवीस हजारांतला नवा आणि पंचवीस हजारांतला जुना

घरून काम करायचे आहे, हातात पंचवीस-तीस हजार आहेत. तेवढ्यात नवा लॅपटॉप घ्यावा की रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि नीटनेटका करून पुन्हा विकायला ठेवलेला? हा प्रश्न आज गोव्यात घरोघरी पडतो. फोंड्याच्या कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलगी, डिचोलीत बसून पुण्याच्या फर्मचे हिशेब सांभाळणारा अकाउंटंट, लग्नानंतर काणकोणला आलेली आणि आता ऑनलाइन शिकवण्या घेणारी शिक्षिका, सगळ्यांना तो कधी ना कधी सोडवावा लागतो. त्यांना सल्ला मिळतो तो दोन तऱ्हांचा. एक तट म्हणतो, ‘दुसऱ्याने टाकलेली वस्तू घरात कशाला? चार महिने चालेल आणि बसेल.’ दुसरा म्हणतो, ‘एवढी भारी मशीन वीस हजारांत मिळतेय, नवा घेणारा खुळा.’ दोघांच्या बोलण्यात जोर भरपूर आहे, हिशेब मात्र कुणाचाच नाही. पहिला तट रिफर्बिश्ड लॅपटॉप सत्तर हजारांच्या नव्याशेजारी ठेवतो. तो नवा या माणसाला परवडणारच नाही. दुसरा तट त्याच मशीनची सात वर्षांपूर्वीची किंमत सांगतो. ती आज कुणी देणार नाही. ज्या दोन वस्तूंमधून प्रत्यक्षात निवड करायची आहे त्या शेजारी शेजारी ठेवून कुणी बोलतच नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. या रकमेत कंपनीतून निघालेला, बिझनेस वर्गातला, नीट निवडलेला वापरलेला लॅपटॉप हा त्याच रकमेत मिळणाऱ्या नव्यापेक्षा घरून काम करणाऱ्याच्या जास्त उपयोगाचा आहे. पण ‘नीट निवडलेला’ या दोन शब्दांत सगळी गोम आहे. निवडायला जी माहिती लागते ती आज विकणाऱ्याच्या मर्जीवर मिळते, आणि ही स्थिती बदलणे सरकारच्या हातात आहे. वाद व्हायला हवा तो याच्यावर.

पंचवीस हजारांत नवे काय मिळते ते आधी पाहू. सीलबंद खोके, वर्षाची वॉरंटी, चकचकीत झाकण. आत बहुधा सेलेरॉन एन४०२० किंवा एन४५०० यांच्या जातीचा प्रोसेसर, म्हणजे दोन कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग). एन४०२० हा २०१९ साली बाजारात आलेला. खोके आजचे असले तरी मेंदू तेव्हाचा आणि तेव्हाही सर्वांत खालच्या पायरीवरचा. रॅम चार, फार तर आठ जीबी, तीही अनेकदा बोर्डावरच डाखलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. साठवण कित्येकदा ईएमएमसी, जी एसएसडीपेक्षा बरीच मंद. आता यावर एका वेळी व्हिडिओ कॉल, ब्राउझरच्या दहा-बारा टॅब, टॅली किंवा एखादे मोठे एक्सेल, आणि मागे चालणारा अँटिव्हायरस असे सगळे उघडून बघा. घरून काम म्हणजे रोज हेच तर असते. मीटिंगमध्ये आवाज तुटू लागला की पलीकडचा माणूस ‘लॅपटॉप स्वस्तातला दिसतोय’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘गावात नेटवर्क नाही वाटतं,’ आणि पुढचे काम दुसऱ्याला देतो.

त्याच रकमेत जुन्यांत काय मिळते? लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक अशा मालिकांमधल्या २०१८-१९ च्या मशीन या पैशांत बसतात. त्यात इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह असतो. सातव्या पिढीपर्यंत पातळ लॅपटॉपमधल्या आय-फाइव्हला दोनच कोर असत. आठव्या पिढीत इंटेलने ते चार केले. एका पिढीत एवढी मोठी उडी या वर्गात त्याआधी कित्येक वर्षांत झाली नव्हती. टी४८० मध्ये रॅमसाठी दोन खाचा आहेत, मागची बॅटरी हाताने सरकवून काढता येते, आणि कीबोर्ड दिवसाचे आठ तास टायपिंग करणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला आहे. नवा असताना तो आपल्या बजेटच्या कितीतरी पट महाग होता. उणे बाजूही आहे: वेबकॅम ७२०पी, संध्याकाळच्या उजेडात चेहरा धूसर, वजनही थोडे जास्त. शिकवणी घेणाऱ्या बाईंनी वेगळा वेबकॅम घ्यावा, हे मी त्यांना आधीच सांगेन.

इथे एक प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. मशीन इतकी चांगली, तर कंपनीने काढली का? उत्तर यंत्रात कमी आणि वहीखात्यात जास्त आहे. आयकराच्या नियमांत संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरला जातो. लाखाची मशीन पहिल्या वर्षाअखेर साठ हजारांची, दुसऱ्या वर्षी छत्तीस हजारांची, तिसऱ्या वर्षी एकवीस हजार सहाशेची. साधारण तेव्हाच मूळ वॉरंटी संपते, भाडेकरारावर घेतलेल्या मशीनचा करारही तीन-चार वर्षांत संपतो. आयटी खात्याच्या व्यवस्थापकाला पाचशे वेगवेगळ्या वयांच्या मशीन सांभाळण्यापेक्षा सगळ्या एकदम बदलणे सोयीचे वाटते. म्हणजे कागदावर जी मशीन मेली, ती टेबलावर जिवंत असते. वातानुकूलित ऑफिसात, नियमित वीजपुरवठ्यावर, वॉरंटीखाली जगलेली असते. तिला ‘टाकलेली’ म्हणणाऱ्याने सरकारच्या घसाऱ्याच्या दरावर टीका करावी, मशीनवर नको.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो ते स्वतः नीट मांडत नाहीत म्हणून मीच मांडतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षा अपडेटसाठी एका वर्षाची वाढीव मुदत मिळाली, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. परिणाम काय झाला? जगभरच्या कंपन्यांनी सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीन घाईघाईने बाहेर काढल्या, आणि रिफर्बिश्ड बाजारात आज स्वस्त मालाचा पूर आहे तो मोठ्या प्रमाणात याच मशीनचा. दुकानदार त्यावर अट चुकवून विंडोज ११ बसवतो, पडद्यावर नवे चिन्ह दिसते, गिऱ्हाईक खूश. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वर ‘ऑफिस फ्री’ म्हणून जे टाकून दिले जाते ते बहुधा चोरीचे, आणि ते चालू करणाऱ्या साधनासोबत आणखी काय आत शिरले हे कुणालाच ठाऊक नसते. दुसऱ्यांच्या जीएसटीची विवरणपत्रे भरणारा माणूस असल्या मशीनवर गिऱ्हाइकांचे पासवर्ड ठेवणार? मग जुन्याला नको म्हणणारा काय चुकीचे बोलतो?

चुकीचे एवढेच, की तो सरसकट बोलतो. या आक्षेपाने सातव्या पिढीपर्यंतचा माल बाद होतो, आणि व्हायलाच हवा. आठव्या पिढीनंतरचा होत नाही. उलट त्या मशीनच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मशीनमध्येच बसवलेल्या प्रणालीत) बहुधा विंडोज प्रोचा मूळ परवाना असतो. विंडोज ११ त्यावर रीतसर चालू होते, चोरीची गरजच पडत नाही. प्रोसेसरच्या नावात आय-फाइव्हच्या पुढचा आकडा आठने सुरू होतो की सातने, एवढे वाचायला शिकले की निम्मा धोका टळला. (कंपनीच्या सॉफ्टवेअरची सक्ती नसेल आणि विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्स प्रणालीची भीती नसेल, तर सातव्या पिढीची मशीनही अजून काही वर्षे नेटाने चालेल. पण ती वाट सगळ्यांची नाही, आणि लिनक्सप्रेमींनी ती सगळ्यांवर लादू नये.)

दुसरा आक्षेप बॅटरीचा. तो देशात कुठेही खरा असला तरी गोव्यात जास्त खरा आहे. वापरलेल्या लॅपटॉपचा सर्वांत थकलेला अवयव बॅटरी, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तिच्यावाचून गत्यंतर नाही. मुसळधार पाऊस, वाऱ्यात तारांवर पडलेली माडाची झावळी नाहीतर आख्खे झाड, आणि मग वीज खात्याला फोन लावत बसायचे. सत्तरी-सांग्यात तासन्‌तास वीज नसते. बंगळुरूच्या आयटी पार्कमध्ये बसून ‘बॅटरी चाळीस मिनिटे चालली तरी पुरे’ म्हणणाऱ्याचा सल्ला आपल्या उपयोगाचा नाही. म्हणून इथल्या माणसाने बॅटरीचा खर्च किमतीतच धरावा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा दिली की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता किती होती आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर किती उरते, हे दोन्ही आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांखाली असेल तर नवी बॅटरी घालून मागावी किंवा तिचे पैसे किमतीतून वळते करून घ्यावेत. टचपॅड एका बाजूने उचलल्यासारखा दिसला तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. ती मशीन तिथेच ठेवून यावे. आणि राउटरला छोटा यूपीएस जोडावा, नाहीतर लॅपटॉप चालू राहील आणि इंटरनेट बंद पडेल. नव्या लॅपटॉपच्या मालकालाही हे लागू आहे, पण बॅटरीचा मुद्दा काढून जुन्याला नाक मुरडणारे राउटरबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

खारट दमट हवेबद्दल मात्र मी ठाम आहे. कळंगुट, बाणावलीच्या पट्ट्यात पंख्याच्या वाऱ्यावर चार पावसाळे काढलेला लॅपटॉप आणि बंगळुरूच्या ऑफिसातून आलेला लॅपटॉप यांचे कागदावरचे वय सारखे असले तरी ते सारखे नव्हेत. बिजागरीच्या स्क्रूवर गंज, यूएसबीच्या तोंडाशी हिरवट झाक, पडद्याच्या कोपऱ्यात बुरशीसारखे डाग ही चिन्हे दिसली तर भाव कितीही पडलेला असो, घेऊ नये. ओळखीच्याकडून घेतलेले बरे, असे आपल्याकडे म्हणतात. लॅपटॉपच्या बाबतीत शेजाऱ्याकडून घेतलेल्यापेक्षा ज्याची नोंद आहे असे अनोळखी ऑफिस बरे, असे मी म्हणेन.

नोंद हा कळीचा मुद्दा आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक गोष्ट दाखवली. पुढे २००१ साली त्यांना नोबेलचा मान मिळाला तो याच प्रकारच्या कामासाठी. विकणाऱ्याला वस्तूचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. मग घेणारा सगळ्याच मालाला सरासरी भाव देऊ करतो. चांगल्या मालाच्या मालकाला तो परवडत नाही, म्हणून तो बाजारातून बाहेर पडतो. उरतो तो वाईट माल, भाव आणखी खाली, चांगला माल आणखी कमी. आपल्याकडच्या रिफर्बिश्ड लॅपटॉपच्या बाजाराचे याहून नेमके वर्णन मला सुचत नाही. ‘ए ग्रेड’ म्हणजे काय, हे प्रत्येक दुकान आपापले ठरवते. एकाकडे ए ग्रेड म्हणजे ओरखडा नाही. दुसऱ्याकडे ए ग्रेड म्हणजे चालू होतो. प्रामाणिक दुकानदार नवी बॅटरी घालतो, एसएसडी बदलतो, बोर्ड तपासतो, आणि त्याचा भाव तीन हजारांनी जास्त दिसतो म्हणून गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाते. त्या प्रामाणिक माणसाने हा धंदा का करावा?

मोटारींच्या बाबतीत आपण यातून थोडेफार बाहेर पडलो आहोत. जुन्या गाडीला आरसी असते: नोंदणी कधी झाली, आजवर मालक किती, कर्ज आहे का. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरांना अधिकृत करण्याचे नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. गोव्यात सेकंडहँड गाडी घेताना कुणी ‘दुसऱ्याने टाकलेली’ म्हणत नाही; आरसी बघतो, मेकॅनिकला फेरी मारायला लावतो आणि घेतो. लॅपटॉपलाही एक अर्धीमुर्धी आरसी आहे, फक्त ती वाचायची सवय नाही. मशीनच्या पोटावर किंवा बायोसमध्ये सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर असतो. तो उत्पादक कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली नि संपली, मशीन मूळची कशी होती, हे बहुतेक मोठ्या कंपन्या सांगतात. विकणारा ‘दोन वर्षे वापरलेला’ म्हणतो आणि साइट सात वर्षे सांगते, असे होऊ शकते. नंबर खरवडून काढला असेल तर विचारायचे काही उरतच नाही. बायोसला पासवर्ड असेल किंवा मशीन अजून जुन्या कंपनीच्या दूरनियंत्रणाखाली अडकलेली असेल, तर एका सकाळी ती आपोआप कुलूपबंद होऊ शकते. म्हणून दुकानातच विंडोज नव्याने बसवून, आपल्या खात्याने आत जाऊन पाहावे. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

कायदा इथे कुठे आहे? अगदीच नाही असे नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये जुनी, दुरुस्त केलेली किंवा पुन्हा बांधलेली वस्तू नवी म्हणून विकणे हा अनुचित व्यापार मानला आहे. बिल न देणे हेही त्याच यादीत आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण जुनी वस्तू जुनी म्हणूनच विकली, फक्त किती जुनी, कुठला भाग बदलला, बॅटरी किती उरली हे सांगितले नाही, तर? तिथे कायद्याने घालून दिलेला नमुना नाही, आणि सगळा धंदा नेमका त्या फटीत चालतो. बिल मागितले की ‘मग अठरा टक्के जीएसटी लागेल’ असे ऐकू येते. वास्तविक जुन्या वस्तूंच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला फक्त नफ्याच्या फरकावर जीएसटी भरण्याची सोय नियमांत आहे. पूर्ण किमतीवर अठरा टक्क्यांची भीती घालणे ही पुष्कळदा बिल टाळण्याची युक्ती असते. आणि घरून व्यवसाय करणाऱ्याला बिल असेल तर घसारा दाखवता येतो, नसेल तर ती मशीन त्याच्या हिशेबात अस्तित्वातच नाही.

आता प्रतिष्ठेचा मुद्दा. तो उघडपणे कुणी बोलत नाही, पण ‘मुलीला जुना लॅपटॉप दिला’ हे वाक्य आपल्या घरांत कसे उच्चारले जाते ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्याची गंमत वाटते, कारण दुसऱ्याच्या हातची वस्तू गोव्याला नवी नाही. तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे गोवेकर, सुटीवर आले की जहाजावर वापरलेला टेपरेकॉर्डर घेऊन यायचे, आखातातून परतणारा माणूस आपला टू-इन-वन विकून जायचा, आणि तो घेणाऱ्याच्या ओटीवर शेजारी जमायचे. तेव्हा तो ‘जुना’ नव्हता, ‘फॉरेनचा’ होता. संगणकाच्या बाबतीतही हेच झाले आहे. २००० च्या आसपास परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने ‘गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट’ हा उपक्रम चालला होता. बाहेरदेशी वापरून झालेले संगणक इथल्या शाळांना मिळाले, परवान्यांचा खर्च नको म्हणून त्यांवर लिनक्स बसवले गेले. आज चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या काही गोवेकरांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो अशाच कुणाच्या तरी वापरून झालेल्या संगणकाचा असेल. त्याच सुमारास पर्रीकर सरकारची सायबरएज योजना आली आणि उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचले. एकीकडे जुने, दुसरीकडे नवे. पण दोन्हीकडे टिकून राहिलेला प्रश्न वेगळाच होता: बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, आणि त्याचा सुटा भाग कुठे मिळणार? आजही खेड्यातल्या माणसाने खरेदीआधी हाच प्रश्न विचारावा. ऑनलाइन घेतलेल्या रिफर्बिश्डची वॉरंटी म्हणजे अनेकदा मशीन खोक्यात घालून कुरिअरने दुसऱ्या राज्यात पाठवणे. तेवढे दिवस काम बंद, कमाई बंद. म्हापसा, मडगाव किंवा पणजीत ज्याचे दुकान आहे आणि जो तीन महिन्यांची का होईना लेखी हमी देतो, त्याला दीड-दोन हजार जास्त देणे हा मला उधळेपणा वाटत नाही.

ई-कचऱ्याचा आक्षेप मी थोडक्यातच घेतो, कारण तो उलटा उभा केलेला आहे. ‘श्रीमंतांचा कचरा आपण का उचलायचा?’ हे ऐकायला तिखट आहे, आणि सोनसोडोचा कचऱ्याचा डोंगर वर्षानुवर्षे पाहिलेल्या मडगावकराला ते पटकन पटेल. पण लॅपटॉपच्या आयुष्यातल्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. वापरताना त्याला वीज फारशी लागत नाही. सात वर्षांची मशीन आणखी चार वर्षे चालली तर तेवढा काळ एक नवी मशीन बनवावी लागत नाही. आणि ती चार जीबीची, रॅम डाखलेली, स्वस्त नवी? ती अडीच-तीन वर्षांत कुणालाच नको होते. तिच्यात बदलण्यासारखे काही नसते, म्हणून ती लवकर कचरा होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत रिफर्बिशरने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची आहे. गोव्यातल्या दुकानाच्या भिंतीवर ते नोंदणीपत्र लावलेले दिसते का, हे वाचकांनी स्वतःच पाहावे.

एक आक्षेप असा आहे की त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. तो म्हणतो: घरून काम करणाऱ्याने लॅपटॉप विकत घ्यायचाच का? ऑफिसात खुर्ची, पंखा, संगणक कंपनी देते. घरून काम म्हटले की वीज, इंटरनेट, यंत्र सगळे कामगाराचे. ही युक्ती जुनी आहे. सोलापूर, सिन्नर, निपाणीच्या विडी कामगार बायकांना कारखानदाराने घरीच काम दिले तेव्हा जागा त्यांची, दिव्याचे तेल त्यांचे, पोरे-बाळेही कामाला लागलेली, आणि माल नापसंत झाला तर नुकसान त्यांचे. त्यांना कायद्याने कामगार म्हणून ओळख मिळायला १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा यावा लागला. त्यात घरी विड्या वळणारीही धरली गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून काम करणाऱ्या कामगारांसाठी १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला, भारताने तो अजून मान्य केलेला नाही. म्हणजे लॅपटॉपचा खर्च कामगाराच्या गळ्यात मारणे अन्यायाचेच आहे, आणि ‘रिफर्बिश्ड स्वस्त पडतो’ म्हणत तो अन्याय पचवायला मदत करणे हे मलाही सलते. कायम नोकरीवर असलेल्याने यंत्र कंपनीकडूनच मागावे, त्यात संकोच नको. पण आपल्याकडे घरून काम करणाऱ्यांत नोकरदार नसलेलेही खूप आहेत: शिकवणीवाल्या, भाषांतर करणारे, पाच-सहा दुकानांची विवरणपत्रे भरणारे. त्यांच्या डोक्यावर मालकच नाही. त्यांना न्याय येईपर्यंत थांबा म्हणायचे का? पुढच्या महिन्याच्या विसाव्या तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरायचेच आहे.

आणि थांबून भाव उतरतील अशी आशाही धरता येत नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी तिची मागणी ओढून घेतली. त्याने नव्या स्वस्त लॅपटॉपची किंमत तरी वाढते, नाहीतर रॅम तरी कमी होते. जुनेही महागतील, हे मान्य. पण रॅम आत घातलेली आठव्या पिढीची मशीन हातात असणे हे अशा काळात अधिकच शहाणपणाचे.

तेव्हा सरकारने काय करावे? अनुदान नको, अनुदानाने वाईट मालही विकला जाईल. नमुना ठरवून द्यावा. वापरलेला लॅपटॉप विकताना बिलावर सिरियल नंबर, उत्पादनाचे वर्ष, प्रोसेसरची पिढी, बॅटरीची मूळ व आजची क्षमता, बदललेले भाग आणि किमान सहा महिन्यांची हमी छापलेली असलीच पाहिजे. केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग २०२२ पासून दुरुस्तीच्या हक्कावर काम करतो आहे. हा नमुना त्यातच बसतो. पण तोवर गोवा सरकारला आपल्या घरापासून सुरुवात करायला कुणी अडवलेले नाही. पर्वरी-पणजीतली खाती दरवर्षी कितीतरी संगणक निर्लेखित करतात आणि ते भांडारात धूळ खात पडतात किंवा लिलावात वजनावर जातात. त्यांतले आठव्या पिढीचे आणि पुढचे वेगळे काढावेत, डिस्क पुसून तिचा दाखला जोडावा (माहिती फुटण्याची भीती खरी आहे, पण ती डिस्क काढून ठेवूनही टाळता येते), बायोसचा पासवर्ड उतरवावा, बॅटरीचा आकडा लिहून चिकटवावा, आणि लिलाव भंगारवाल्यांसाठी न ठेवता नोंदणीकृत रिफर्बिशर आणि पंचायतींसाठी खुला करावा. बाजारात ए ग्रेड म्हणजे काय हे मग सरकारी मालाच्या चिठ्ठीवरूनच लोक शिकतील, आणि दुकानदाराला विचारतील, ‘तुझी चिठ्ठी कुठे?’ हे एका परिपत्रकाने होण्यासारखे काम आहे. त्याला विधानसभेचे अधिवेशन लागत नाही.